हुमणीपासून हेलिओकॉप्रिसपर्यंत: भुंगेऱ्यांच्या शास्त्रीय शब्दांची फोड कशी करावी

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्या रात्री अंगणातल्या दिव्याखाली तांबूस तपकिरी रंगाचे, साधारण दोन सेंटिमीटर लांबीचे भुंगेरे पाठीवर पडून धडपडताना दिसतात. ऊस लावणारा शेतकरी त्यांना पाहताक्षणी ओळखतो, कारण हे हुमणीचे भुंगेरे आहेत आणि त्यांची अळी पुढे उसाच्या मुळ्या खाणार आहे. तोच भुंगेरा एखाद्या शास्त्रीय पुस्तकात शोधू गेल्यास मात्र 'होलोट्रिकिया सेराटा' असे नाव समोर येते आणि त्याखाली क्लायपिअस, प्रोनोटम, पंक्टेट, पायजिडियम अशा शब्दांची एवढी रांग लागते की नवखा निरीक्षक पुस्तक मिटून बाजूला ठेवतो. वास्तविक हे शब्द पाठ करण्यासाठी नसतातच. ते फोडून वाचायचे असतात. त्यांतील बहुतेक ग्रीक व लॅटिन भाषांतून आलेले असून त्या भाषा संस्कृतच्या दूरच्या नात्यातल्या आहेत, त्यामुळे ज्याच्या कानावर शृंग, दंत, पाद, नग्न, सर्व असे शब्द लहानपणापासून पडलेले आहेत त्या मराठी वाचकाला ही फोड इंग्रजी वाचकापेक्षाही सोपी जावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाला बसताना दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक वही, एक पेन्सिल आणि सकाळी दिव्याखाली मेलेला सापडलेला एखादा भुंगेरा एवढे पुरते. जिवंत भुंगेरा पकडण्याची गरज नाही.

पहिली पायरी: आपले मराठी शब्द आधी नीट करावेत

परक्या शब्दांकडे वळण्याआधी घरच्या शब्दांतला गोंधळ निस्तरावा लागतो. 'भुंगा' हा शब्द संस्कृत 'भृंग' वरून आला आणि भृंग म्हणजे कमळाभोवती गुणगुणणारा भ्रमर, अर्थात मधमाशीच्या जातकुळीतला कीटक. घराच्या वाशांना गोल भोके पाडणारा काळा भुंगा त्याच गणातला आहे. पण कोकणात माडाचा कोंब पोखरणाऱ्या कीटकालाही आपण 'गेंड्या भुंगा' म्हणतो आणि त्याचा मधमाशीशी काही संबंध नाही. म्हणून नोंदवहीत नुसते 'भुंगा' असे कधीही लिहू नये. कृषी साहित्यात रूढ असलेला 'भुंगेरा' हा शब्द वापरावा. तो कठीण पाठीच्या कीटकांपुरताच मर्यादित राहिला आहे.

'हुमणी', ज्याला काही भागांत 'उन्नी' म्हणतात, हे अळीचे नाव आहे. प्रौढ कीटकाला 'हुमणीचा भुंगेरा' म्हणावे. शिवाय हुमणी ही एकच जात नाही. होलोट्रिकिया सेराटा आणि ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या दोन वेगळ्या प्रजातींतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) जातींच्या अळ्यांना महाराष्ट्रात हे एकच नाव आहे. 'शेणकिडा' हा शब्द तर केवळ राहण्याची जागा सांगतो; शेणखताच्या खड्ड्यात वाढणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळीलाही तो लावला जातो आणि शेणाचे गोळे ढकलत नेणाऱ्या कीटकालाही. लोकभाषा कीटकाचा आपल्याशी काय संबंध आहे ते सांगते, तर शास्त्रीय नाव त्याचे इतर कीटकांशी काय नाते आहे ते सांगते. दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी असाव्यात.

दुसरी पायरी: 'स्कॅरब' या शब्दाचा माग काढावा

या सर्व भुंगेऱ्यांच्या कुळाचे नाव स्कॅराबिडी, इंग्रजीत स्कॅरब. त्यात सुमारे ३०,००० जाती येतात. नावाचा गाभा 'स्कॅराबियस' हा लॅटिन शब्द असून त्याचा संबंध ग्रीक 'काराबोस' या शब्दाशी जोडला जातो, आणि गंमत अशी की ग्रीकमध्ये काराबोस म्हणजे भुंगेराही आणि समुद्रातला शेवंडही. कठीण कवच आणि पुष्कळ पाय एवढे साम्य त्या लोकांना पुरले असावे. नावाच्या शेवटी असलेला 'इडी' हा प्रत्यय ग्रीकमध्ये 'अमक्याचा वंशज' या अर्थाने लागत असे. कुंतीचा तो कौंतेय, रघूचा तो राघव, तसा स्कॅराबियसचा तो स्कॅराबिडी. प्राण्यांच्या वर्गीकरणात हा प्रत्यय कुळाला लावतात, 'इनी' हा उपकुळाला लावतात, आणि एवढे लक्षात ठेवले तरी एखादे नाव कोणत्या पातळीवरचे आहे ते लगेच कळते.

कार्ल लिनिअसने १७५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची द्विनाम पद्धत, म्हणजे आधी प्रजातीचे आणि मग जातीचे नाव लिहिण्याची पद्धत, अधिकृतपणे सुरू झाली असे मानतात. त्या आवृत्तीतच 'स्कॅराबियस सॅसर' हे नाव आले. लॅटिनमध्ये 'सॅसर' म्हणजे पवित्र, आणि ही पवित्रता इजिप्तमधून आलेली आहे. प्राचीन इजिप्शियन भाषेत या भुंगेऱ्याला 'खेपरेर' म्हणत, 'खेपेर' या क्रियापदाचा अर्थ होणे, अस्तित्वात येणे असा होता आणि सकाळच्या सूर्याच्या देवाचे नाव होते खेप्री. भुंगेरा जसा शेणाचा गोळा ढकलतो तसा हा देव सूर्याला क्षितिजावर आणतो, अशी ती कल्पना. चित्रलिपीत भुंगेऱ्याचे चित्र याच क्रियापदासाठी वापरत. १९२२ मध्ये ज्याची कबर सापडली त्या तुतनखामेनचे राज्याभिषेकाचे नाव 'नेबखेपेरुरे' असे होते आणि ते लिहिताना टोपली, भुंगेरा, त्याखाली अनेकवचनाच्या तीन रेघा आणि सूर्यबिंब ही चिन्हे काढलेली दिसतात.

येथे एक छोटी चाचणी भिंगाखाली करण्यासारखी आहे. होरापोलो या नावाने प्रसिद्ध असलेल्या उत्तरकालीन ग्रीक ग्रंथात या पवित्र भुंगेऱ्याला महिन्याच्या तीस दिवसांइतकी तीस बोटे असतात असे म्हटले आहे. भुंगेऱ्याच्या पावलाला पाच खंड असतात, पाय सहा, म्हणजे हिशेब तीस येतो आणि पटतोही. प्रत्यक्षात स्कॅराबियसच्या पुढच्या दोन पायांना पाऊलच नसते! म्हणजे खंड भरतात वीस. जुन्या ग्रंथातले वर्णन कितीही सुंदर असले तरी भिंग हातात असताना मोजून पाहावे, ही सवय पुढच्या सर्व पायऱ्यांवर उपयोगी पडते.

तिसरी पायरी: भुंगेरा समोर ठेवून डोक्याकडून मागे यावे

स्कॅराबिडी कुळ ज्या मोठ्या गटात येते त्या गणाचे नाव कोलिऑप्टेरा. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या या शब्दात 'कोलिऑस' म्हणजे तलवारीची म्यान आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. मराठीत या गणाला 'ढालपंखी' म्हणतात. ग्रीकांना म्यान दिसली, आपल्याला ढाल दिसली. मला व्यक्तिशः म्यान अधिक समर्पक वाटते, कारण उडण्याचे खरे पंख त्या कठीण पंखांखाली घडी घालून ठेवलेले असतात आणि गरजेला पात्यासारखे बाहेर काढले जातात. या कठीण पंखांना 'एलिट्रा' म्हणतात, त्याचे मूळ गुंडाळणे, आच्छादणे या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे, आणि त्याचे एकवचन 'एलिट्रॉन' आहे. 'एक एलिट्रा' असे लिहिणे चूक आहे.

आता डोक्याकडे यावे. सर्वांत पुढे चपटी, फावड्यासारखी कड दिसते ती क्लायपिअस. लॅटिनमध्ये हा शब्द गोल ढालीसाठी होता. दोन्ही एलिट्रा पुढच्या बाजूला जेथे मिळतात तेथे एक लहानसा त्रिकोण असतो, तो स्क्युटेलम, म्हणजे छोटी ढाल, कारण 'स्क्युटम' ही रोमन सैनिकाची लांबट ढाल होती. हुमणीच्या भुंगेऱ्यात हा त्रिकोण सहज सापडतो, तर शेणकिड्यांपैकी पुष्कळांत तो वरून दिसतच नाही, त्यामुळे शोधूनही न सापडल्यास आपलेच डोळे चुकले असे समजू नये. डोके आणि एलिट्रा यांच्यामध्ये पाठीचा जो रुंद भाग दिसतो तो प्रोनोटम: 'प्रो' म्हणजे पुढचा, आपल्या 'प्र' या उपसर्गाचा सख्खा भाऊ, आणि 'नोटॉन' म्हणजे पाठ. अगदी शेवटी, एलिट्रांच्या बाहेर उघडा राहणारा उदराचा पाठीकडचा तुकडा म्हणजे पायजिडियम. ग्रीक 'पिगे' म्हणजे ढुंगण, त्याचे हे लघुरूप. गंभीर ग्रंथांत हा शब्द इतक्या सहजपणे वावरतो की त्याचा मूळ अर्थ कळल्यावर नवख्याला हसू येते, आणि मग तो शब्द कधी विसरला जात नाही.

पायांचे शब्द माणसाच्या शरीरावरून उचलले आहेत. फीमर म्हणजे मांडी, टिबिया म्हणजे नडगी, टार्सस म्हणजे पाऊल. यांतील 'टिबिया' या शब्दाचा लॅटिनमध्ये बासरीसारखे वाद्य असाही अर्थ होता. भुंगेऱ्याची पुढची टिबिया रुंद आणि बाहेरच्या कडेला दातेरी असते. अशा पायांना 'फॉसोरियल' म्हणतात आणि लॅटिन 'फॉसॉर' म्हणजे खणणारा.

या कुळाची खरी खूण मात्र शृंगिकांवर असते. भिंग डोक्याच्या कडेला धरून पाहावे: एक बारीक, खंडाखंडांची मिशी दिसते आणि तिच्या टोकाला एकमेकांवर चिकटून बसलेल्या लहान चपट्या पाकळ्या दिसतात. हुमणीच्या भुंगेऱ्यात त्या तीन असतात. मेलेल्या भुंगेऱ्याच्या शृंगिकेवर पाण्याचा थेंब टाकून थोडा वेळ मऊ होऊ दिला आणि मग सुईच्या टोकाने हलकेच स्पर्श केला तर त्या हातपंख्यासारख्या विलग होतात. जिवंत भुंगेरा वास घेताना त्या आपणहून उघडतो आणि चालताना मिटून घेतो. या पाकळीला 'लॅमेला' म्हणतात, म्हणजे पातळ पत्रा, आणि अशा शृंगिका असलेल्या सर्व भुंगेऱ्यांना मिळून 'लॅमेलिकॉर्निया' हे नाव आहे. 'कॉर्नू' म्हणजे शिंग. या गटातील भारतीय जातींवर गिल्बर्ट ॲरो यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत १९१०, १९१७ आणि १९३१ मध्ये तीन खंड लिहिले आणि भारतातील शेणकिड्यांचे नाव शोधताना आजही १९३१ च्या खंडाकडे वळावे लागते. त्याची भाषा वाचता येणे हेच आपल्या या खटपटीचे फळ.

चौथी पायरी: विशेषणांचे शेपूट आधी पाहावे

वर्णनातला सर्वांत दाट भाग पृष्ठभागाच्या विशेषणांचा असतो. अर्थ शोधण्याआधी शब्दाच्या शेवटाकडे पाहावे. शेवटी 'एट' असेल तर 'ते असलेले', म्हणजे आपले 'युक्त'. 'ओज' असेल तर 'त्याने भरलेले'. आणि त्याआधी 'उल' किंवा 'इक्युल' आले तर तीच गोष्ट बारीक प्रमाणात. म्हणून डेंटेट म्हणजे दातेरी, तर डेंटिक्युलेट म्हणजे बारीक दात्यांचे. रुगोज म्हणजे सुरकुत्यांनी भरलेले, तर रुग्युलोज म्हणजे बारीक सुरकुत्यांचे. पुढे 'सब' असेल तर 'थोडेसे' किंवा 'जवळजवळ' असे वाचावे. 'बाय' आणि 'ट्राय' हे अनुक्रमे आपले द्वि आणि त्रि आहेत, 'डेंट' हा दंत आहे, त्यामुळे 'ट्रायडेंटेट' हा शब्द पाहून त्रिदंती असे मनात आले तर ते भाषांतर आणि व्युत्पत्ती दोन्ही बाजूंनी बरोबर आहे.

सर्वाधिक गफलत 'पंक्टेट' या शब्दाने होते. लॅटिन 'पंक्टुम' म्हणजे टोचल्याची खूण. नवखा वाचक ही भोके समजतो आणि भिंगातून आरपार छिद्रे शोधत बसतो. ते खड्डे असतात, सोनाराने ठोकणीने पत्र्यावर ठिपके उठवावेत तसे. खड्डे रुंद व उथळ असतील तर 'फोव्हिएट' म्हणतात. उभ्या चरांसाठी 'स्ट्रायेट', दोन चरांमधल्या पट्टीसाठी 'इंटरस्ट्रायी', उंच धारेसाठी 'कॅरिनेट', कारण 'करिना' म्हणजे होडीच्या तळाची मधली कणा-पट्टी. केसांसाठी मात्र एक शब्द पुरत नाही: ताठ राठ केस असतील तर सेटोज, मऊ लव असेल तर प्युबेसंट, गादीत भरायच्या लोकरीसारखी दाट गुंतलेली लव असेल तर टोमेंटोज, आणि काहीच नसेल तर ग्लॅब्रस, ज्याच्या मुळाशी असलेला 'ग्लाबेर' हा शब्द रोमन लोक टकलू माणसालाही लावत. हिवाळ्यात पानावर दहिवर पडावे तसा पांढुरका थर असेल तर 'प्रुइनोज'.

रंगांबाबत एक सूचना पुरेशी आहे: शब्दकोश उघडण्याआधी वस्तू आठवावी. 'टेस्टेशियस' म्हणजे भाजलेल्या विटेचा किंवा खापराचा रंग, 'पिशियस' म्हणजे डांबराचा काळपट तपकिरी, 'एनिअस' म्हणजे कांशाची झळाळी. शेवटच्या शब्दाचे मूळ लॅटिन 'एस' आणि आपले 'अयस्' एकाच घरचे आहेत. 'रूफस' म्हणजे तांबडा, आणि तो रुधिराचा नातलग.

पाचवी पायरी: तीन ध्वनिनियम आणि नावांची फोड

येथे थोडा वेळ थांबावे, कारण पुढचे तीन नियम शिकल्यावर नावांचा निम्मा परकेपणा जातो.

पहिला नियम असा की संस्कृतमध्ये शब्दारंभी जेथे 'स' असतो तेथे ग्रीकमध्ये बहुधा 'ह' येतो. सप्त आणि हेप्टा, सम आणि होमॉस, सर्व आणि होलॉस, सूर्य आणि हेलिऑस या जोड्या पाहाव्यात. दुसरा नियम: संस्कृतच्या तालव्य 'श' च्या जागी ग्रीक व लॅटिनमध्ये 'क' येतो. दश आणि डेका, शत आणि केंटुम. शृंग या शब्दाचे नातलग ग्रीकमध्ये केरास आणि लॅटिनमध्ये कॉर्नू असे भेटतात. तिसरा नियम फार थोड्या शब्दांना लागतो, पण आपल्याला नेमका तो लागणार आहे: गो या शब्दाच्या 'ग' ला ग्रीकमध्ये 'ब' होतो आणि 'बूस' हा शब्द तयार होतो.

आता ओळख असलेल्या नावांवर प्रयोग करावा. 'होलोट्रिकिया' यात होलॉस म्हणजे सर्व आणि 'थ्रिक्स' म्हणजे केस, सर्वकेशी. 'ॲनोमाला' या प्रजातीच्या नावात 'ॲन' हा नकार आहे, आपल्या 'अन्' सारखाच, आणि पुढे होमॉसपासून बनलेला 'होमालॉस' आहे. म्हणजे अक्षरशः असम. हा भुंगेरा पाहिला तर त्यात विशेष असमान असे काही पटकन डोळ्यांत भरत नाही. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' हा प्रकार शास्त्रीय नावांतही असतो हे येथेच समजून घ्यावे. 'ल्युकोफोलिस लेपिडोफोरा' याचा मासला वेगळा आहे. ल्युकॉस म्हणजे पांढरा आणि ते 'रुच्', प्रकाशणे, या धातूच्या नात्यातले आहे. फोलिस म्हणजे खवला. लेपिस म्हणजेही खवला, आणि 'फोरा' म्हणजे धारण करणारी, आपला 'भृ' धातू, ज्यावरून भार आणि भरणे आले. सगळे जोडल्यावर निघते 'पांढऱ्या खवल्यांची खवलेधारिणी'. पिवळा पीतांबर म्हणावे तसे हे झाले, पण अंगावरचे खवले भिंगाखाली पाहिल्यावर नाव ठेवणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही.

'जिम्नोप्लुरस' हे नाव मला या सर्वांत आवडते, कारण ते तंतोतंत खरे आहे. 'गिम्नॉस' म्हणजे नग्न, आणि ते नग्न या शब्दाचेच ग्रीक रूप आहे. 'प्लुरा' म्हणजे कूस. या गोळे ढकलणाऱ्या शेणकिड्याला बाजूने पाहिले तर एलिट्राच्या कडेला, खांद्याच्या लगेच मागे, एक खाच दिसते आणि त्या खाचेतून शरीराची कूस उघडी पडलेली असते. या खाचेचा उपयोगही आहे. इतर बहुतेक भुंगेरे उडताना एलिट्रा वर उचलतात, तर हा त्या मिटलेल्याच ठेवतो आणि खालचे पंख खाचेतून बाजूला काढून झपकन उडून जातो. त्याच कामकऱ्यांपैकी लांब मागच्या पायांच्या एका प्रजातीचे नाव लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०७ मध्ये 'सिसिफस' असे ठेवले. सिसिफस हा ग्रीक पुराणातला राजा. शिळा डोंगरावर ढकलत न्यायची आणि माथ्याजवळ ती पुन्हा खाली यायची, अशी त्याला शिक्षा होती.

आता मोठा घास. आपल्याकडे गुरांच्या शेणाखाली खोल बिळे करणारा, सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा, काळा, धिप्पाड शेणकिडा आढळतो, त्याचे नाव 'हेलिओकॉप्रिस ब्युसेफॅलस'. हेलिऑस म्हणजे सूर्य, पहिल्या नियमाने. कॉप्रिस हा शब्द 'कोप्रॉस' म्हणजे शेण यावरून आला, आणि दुसऱ्या नियमाने त्याचा संस्कृत सोयरा आहे 'शकृत्', अर्थ तोच. ब्युसेफॅलस यातला पहिला भाग तिसऱ्या नियमातला गो, दुसरा 'केफाली' म्हणजे डोके. सूर्य, शकृत् आणि गो: चार तुकड्यांपैकी तीन तुकडे आपल्या ओळखीचे निघाले. बैलाच्या डोक्याचा हा शब्द सिकंदराच्या आवडत्या घोड्याचेही नाव होता, आणि तो घोडा मेल्यावर ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी सिकंदराने त्याच्या नावाने नगर वसवले.

उरलेली काही नावे झटपट पाहता येतील. 'ऑन्थोफॅगस' म्हणजे शेण खाणारा. यातला 'फॅग' भक्ष आणि भक्त (म्हणजे भात, अन्न) या शब्दांच्या नात्यातला मानतात. 'कॅथार्सियस' म्हणजे शुद्धी करणारा आणि त्याच्या 'मोलोसस' या जातीच्या नावात एपिरस प्रदेशातल्या धिप्पाड कुत्र्यांची आठवण आहे. 'ऑरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस' म्हणजे खणणारा गेंडा. 'ऱ्हिस' नाक आणि 'केरास' शिंग. कोकणातले 'गेंड्या भुंगा' हे नाव याच कल्पनेवर उभे आहे, आणि माडाच्या उलगडलेल्या झावळीवर दिसणारे कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण हा या खणणाऱ्याचाच पुरावा. हुमणीचे उपकुळ 'मेलोलोंथिनी' असून त्यातला 'मेलोलोंथी' हा शब्द फार जुना आहे: ॲरिस्टोफेनिसच्या ख्रिस्तपूर्व ४२३ मधल्या 'मेघ' या नाटकात पायाला दोरा बांधलेल्या भुंगेऱ्याची उपमा येते ती याच शब्दाने. पोरे भुंगेऱ्याला दोरा बांधून भिरभिरवतात हे अथेन्समध्येही चालत असे तर.

सहावी पायरी: सारखा आवाज म्हणजे नाते नव्हे

ही युक्ती हातात आली की प्रत्येक शब्दात संस्कृत दिसू लागते आणि तेथे घसरण्याची शक्यता असते. मी स्वतः एके काळी नारळावरच्या किडींची टिपणे काढताना 'कोप्रा' आणि 'कॉप्रिस' हे शब्द एकाच मुळाचे धरून दोन पाने भरली होती, कारण गेंड्या भुंगा माडावर येतो आणि त्याची अळी शेणात वाढते, सगळे कसे जुळत होते. पण कोप्रा म्हणजे वाळलेले खोबरे, आणि हा शब्द मलयाळममधून पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला. ग्रीक शेणाशी त्याचे काही देणेघेणे नाही. ती दोन पाने फाडावी लागली. म्हणून नियम असा ठेवावा की वरच्या ध्वनिनियमांत जोडी बसत नसेल तर केवळ आवाजावरून नाते जोडू नये, आणि आवाज अगदी एकसारखा असेल तर अधिकच संशय घ्यावा. खरे नातलग शब्द हजारो वर्षांत बदललेले असतात.

दुसरी सावधगिरी नावाच्या व्याकरणाची. जातिनाम विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलते. होलोट्रिकिया स्त्रीलिंगी म्हणून 'सेराटा', करवतीसारखी; प्रजाती पुल्लिंगी असती तर 'सेराटस' झाले असते. जातिनाम स्वतंत्र नाम असेल तर ते बदलत नाही, म्हणून 'गॅझेला', म्हणजे कुरंग, हे नाव पुल्लिंगी ऑन्थोफॅगसपुढेही गॅझेलाच राहिले. तसेच करवत अंगाच्या कोणत्या भागावर आहे ते 'सेराटा' सांगत नाही. त्यासाठी मूळ वर्णनच वाचावे लागते.

तिसरी गोष्ट कंसाची. 'स्कॅराबियस सॅसर लिनिअस, १७५८' यात नाव ठेवणारा कंसाबाहेर आहे, तर 'ऑरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस (लिनिअस, १७५८)' यात तो कंसात आहे. कंसाचा अर्थ असा की लिनिअसने ही जात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, म्हणजे स्कॅराबियसमध्ये, आणि नंतर ती हलवली गेली. नवखे लेखक हा कंस शोभेचा समजून कुठेही घालतात किंवा काढतात. तसे केल्यास नावाचा इतिहासच चुकीचा सांगितला जातो.

सातवी पायरी: सवयीचे आणि अळीचे शब्द

शेणकिड्यांच्या सवयी सांगणारे तीन शब्द आता सहज सुटतील, कारण तिघांच्याही पोटात कोप्रॉस आहे. शेणाच्या खालीच किंवा लगत बीळ करून त्यात शेण नेणारे ते पॅराकॉप्रिड, 'पॅरा' म्हणजे लगत. गोळा करून दूर नेणारे ते टेलिकॉप्रिड, टेलिफोनमधलाच 'टेली'. शेणाच्या ढिगातच राहणारे ते एंडोकॉप्रिड, 'एंडो' म्हणजे आत. वरच्या नावांपैकी हेलिओकॉप्रिस पहिल्या गटात आणि जिम्नोप्लुरस व सिसिफस दुसऱ्या गटात येतात.

हुमणीच्या अळीसाठी 'रास्टर' हा एकच शब्द शिकून घ्यावा. लॅटिनमध्ये तो दाताळ्यासाठी आहे. इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली अळी पालथी करून शेवटच्या खंडाची खालची बाजू भिंगाखाली धरली तर गुदद्वाराच्या पुढे ताठ केसांची ठरावीक मांडणी दिसते, तिला रास्टर म्हणतात. अळ्या सगळ्या एकसारख्याच पांढऱ्या दिसत असल्या तरी ही मांडणी जातीगणिक वेगळी असते, त्यामुळे बांधावर उकरलेली अळी कोणत्या जातीची हे ठरवताना तपकिरी डोक्याकडे नव्हे, या दाताळ्याकडे आधी पाहतात.

शेवटी सरावासाठी, नमुन्यादाखल रचलेले एक वर्णन घ्यावे: 'क्लायपिअस बायडेंटेट, प्रोनोटम दाट पंक्टेट, ग्लॅब्रस, एलिट्रा स्ट्रायेट, इंटरस्ट्रायी ग्रॅन्युलेट, पायजिडियम सेटोज, रंग पिशियस, किंचित एनिअस.' वहीचे पान मधोमध रेघ मारून डावीकडे हे शब्द एकाखाली एक उतरवावेत आणि उजवीकडे आपले वाचन लिहावे: डोक्याच्या पुढच्या ढालीला दोन दाते; पाठीच्या पुढच्या भागावर दाट खड्डे, केस नाहीत; कठीण पंखांवर उभे चर आणि मधल्या पट्ट्यांवर दाणे; शेवटचा उघडा तुकडा राठ केसांचा; रंग डांबरी, कांशाची थोडी झळाळी. ते लिहून झाल्यावर दिव्याखालचा भुंगेरा भिंगाखाली घ्यावा आणि उजवीकडची एकेक ओळ त्याच्याशी ताडून, जुळली तर बरोबरची खूण आणि न जुळल्यास प्रत्यक्ष काय दिसले ते, असे पेन्सिलीनेच लिहीत जावे.